निकटदृष्टिता आणि रात्रीची भिंगे : एका उपायाचे स्वरूप व त्याची परिभाषा

रात्री झोपताना डोळ्यात घालावयाची, सकाळी काढून ठेवावयाची आणि दिवसभर चष्म्यावाचून लांबचे स्पष्ट दिसू देणारी कॉन्टॅक्ट लेन्स ही गेल्या पाव शतकात जगभर प्रसार पावलेली वस्तू होय. तिच्या शास्त्राला 'ऑर्थोकेराटॉलॉजी' असे नाव आहे. या लेन्सकडून दोन भिन्न कार्यांची अपेक्षा केली जाते. पहिले कार्य दृष्टिदोषाच्या तात्पुरत्या दुरुस्तीचे. दुसरे, वाढत्या वयाच्या मुलांत तो दोष वाढण्याची गती कमी करण्याचे. ही दोन कार्ये निराळ्या रीतीने घडतात, निराळ्या मापांनी मोजली जातात आणि त्यांची फलश्रुतीही निराळी आहे. परंतु मराठी व्यवहारभाषेत या दोहोंसाठी एकच वाक्य प्रचारात आहे : 'नंबर जातो.' या एका वाक्यात किती गोष्टी परस्परांत मिसळतात आणि त्या वेगळ्या केल्यास उपायाचे खरे स्वरूप कसे दिसते, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विवेचनासाठी चंद्रपूर जिल्ह्यातील चिमूर हा प्रदेश डोळ्यांसमोर ठेवला आहे. १९४२ च्या ऑगस्टमधील उठावाने देशभर ठाऊक झालेले हे तालुक्याचे गाव चंद्रपूर व नागपूर या दोन्ही शहरांपासून शंभर किलोमीटरच्या आसपास आहे. ताडोबाच्या जंगलात शिरण्याचे कोलारा हे प्रवेशद्वार याच तालुक्यात येते. अशा ठिकाणी नवीन वैद्यकीय साधनाच्या आधी त्याची वार्ता येऊन पोचते, आणि वार्ता ही शब्दांनीच बनलेली असते. म्हणून शब्दांची तपासणी येथे केवळ कोशकाराचा विषय राहत नाही. मुलाच्या डोळ्याविषयी पालकाने घ्यावयाचा निर्णय तिच्यावर अवलंबून असतो.

१. दोषाची नावे

लांबचे अस्पष्ट व जवळचे स्पष्ट दिसणे या दोषाला शालेय विज्ञानात 'निकटदृष्टिता' किंवा 'लघुदृष्टी' म्हणतात. जुन्या लिखाणात 'ऱ्हस्वदृष्टी' हा शब्द आढळतो. चष्म्याच्या दुकानात मात्र याच दोषाला 'लांबचा नंबर' म्हणतात. पाठ्यपुस्तकाने जे शिल्लक राहिले त्यावरून नाव दिले. दुकानाने जे हरपले त्यावरून दिले. परिणामी एकाच विकाराच्या एका नावात 'निकट' व दुसऱ्यात 'लांब' असे परस्परविरोधी पद आले. शाळेत 'निकटदृष्टिता' शिकलेला विद्यार्थी घरी येऊन आपल्याला 'लांबचा नंबर' लागल्याचे सांगतो, तेव्हा ही दोन्ही एकाच वस्तूची नावे आहेत हे त्याला कोणी सांगितलेले असतेच असे नाही. विरुद्ध दोषाच्या नावाची अडचण याहून मोठी. 'दूरदृष्टी' हा मराठीत स्तुतीचा शब्द आहे. म्हणून दोषासाठी त्याला 'ता' प्रत्यय लावून 'दूरदृष्टिता' करावे लागले.

ग्रीक भाषेतून आलेला 'मायोपिया' हा शब्द लक्षणावरून बनला आहे. डोळे मिटणे या अर्थाचा धातू आणि डोळा या अर्थाचे नाम यांच्या संयोगाने तो सिद्ध होतो. ज्याला लांबचे दिसत नाही तो पापण्या जवळ आणून, डोळे बारीक करून पाहतो. तेच या नावात टिपले आहे. फळ्यावरचे अक्षर वाचताना मूल डोळे बारीक करते, हे शिक्षकाला प्रथम लक्षात येणारे चिन्हही हेच.

'नंबर' या शब्दाचा मागोवाही उद्बोधक आहे. भिंगाची शक्ती मोजण्यासाठी 'डायॉप्टर' हे एकक मोनोयेर या फ्रेंच नेत्रवैद्याने १८७२ मध्ये सुचविले. त्यापूर्वी भिंगाचे केंद्रांतर इंचांत सांगून त्यावरून त्याला क्रमांक देण्याची रीत होती. त्या रीतीत मोठा क्रमांक म्हणजे सौम्य भिंग. आजच्या रीतीत नेमके उलट. दोन्ही रीतींत क्रमांक हा भिंगाचा आहे, डोळ्याचा नव्हे. मराठीत मात्र तो डोळ्याला 'लागतो', 'वाढतो', 'उतरतो' आणि 'जातो'. ताप किंवा खरूज यांच्याप्रमाणे तो शरीरात येणारा व शरीरातून जाणारा पदार्थ बनला आहे.

या सर्व नावांत एक उणीव समान आहे : दोषाचे शारीरिक कारण त्यांपैकी एकही सांगत नाही. बहुसंख्य निकटदृष्टी मुलांत कारण असे असते की, नेत्रगोल पुढून मागे प्रमाणापेक्षा लांब झालेला असतो. प्रौढाचा नेत्रगोल सामान्यतः २४ मिलिमीटरच्या आसपास लांब असतो. तो १ मिलिमीटरने अधिक लांबला की सुमारे अडीच डायॉप्टरची निकटदृष्टिता उत्पन्न होते, कारण प्रतिमा दृष्टिपटलावर न पडता त्याच्या अलीकडे पडते. तेव्हा 'नंबर' हे एक माप आणि 'लांबी' हे दुसरे माप होय. पुढील सर्व विवेचन या भेदावर उभे आहे.

२. पारपटल

डोळ्याच्या पुढील बाजूस घड्याळाच्या काचेप्रमाणे बसविलेला जो पारदर्शक पडदा, त्याला पाठ्यपुस्तकांत 'पारपटल' व अन्यत्र 'स्वच्छमंडल' असे म्हटले आहे. बोलण्यात त्यालाच 'बुबुळ' म्हणण्याचा प्रघात आहे. पाठ्यपुस्तकात मात्र 'बुबुळ' हा शब्द त्याच्या मागील रंगीत पडद्यासाठी राखून ठेवला आहे. त्यामुळे 'लेन्स बुबुळावर बसते' हे वाक्य दोन श्रोत्यांना दोन ठिकाणे दाखविते. प्रस्तुत लेखात 'पारपटल' हाच शब्द योजिला आहे.

पाश्चात्त्य भाषांत या पडद्याला शिंगावरून नाव मिळाले. लॅटिन 'कॉर्नू' व ग्रीक 'केरास' हे शिंगवाचक शब्द असून संस्कृत 'शृङ्ग' हा त्यांचाच सगोत्र होय. पातळ तासलेले शिंग अर्धपारदर्शक असते, या साम्यावरून 'कॉर्निया' हे नाव पडले, आणि ग्रीक रूपावरून 'केराटो' हे पूर्वपद आले. 'ऑर्थो' म्हणजे सरळ. 'ऑर्थोकेराटॉलॉजी' म्हणजे पारपटल सरळ करण्याची विद्या. महाराष्ट्रातील दवाखान्यांच्या पाट्यांमुळे 'ऑर्थो' म्हणताच हाडांचा डॉक्टर आठवतो, हा योगायोग येथे अडचणीचाच ठरतो.

डोळ्याच्या एकूण सुमारे ६० डायॉप्टर वक्रीभवनशक्तीपैकी ४३ च्या आसपास शक्ती एकट्या पारपटलाची असते. म्हणजे पारपटलाच्या वक्रतेत अल्प बदल झाला तरी दृष्टीत मोठा बदल होतो. त्याची मध्यभागातील जाडी अर्ध्या मिलिमीटरहून किंचित अधिक असते आणि तिच्या सर्वात बाहेरचा पेशींचा स्तर सुमारे ५० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा विसावा भाग, एवढा पातळ असतो. हा स्तर सतत झिजतो व सतत नव्याने भरून येतो. रात्रीच्या लेन्सचे सर्व कार्य या स्तरातच मुख्यत्वेकरून घडते.

३. उपायाचा पूर्वेतिहास

कठीण कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांचा नंबर काही काळ कमी झालेला दिसतो, हे निरीक्षण विसाव्या शतकाच्या मध्यास झाले होते. १९६२ मध्ये अमेरिकेतील जॉर्ज जेसेन याने हा परिणाम हेतुपुरस्सर घडविण्याची पद्धत मांडली. त्या काळच्या लेन्स प्राणवायू आरपार न जाऊ देणाऱ्या प्लॅस्टिकच्या असत. त्या पारपटलापेक्षा सपाट करून दिवसा घालीत व काही महिन्यांनी आणखी सपाट लेन्स देत. परिणाम अनिश्चित असे. लेन्स डोळ्यावर मध्यभागी नीट बसत नसे. १९८० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत झालेल्या पद्धतशीर परीक्षणांत सरासरी लाभ सुमारे १ डायॉप्टर इतकाच आढळला आणि या विद्येविषयीचा उत्साह ओसरला.

पुढे दोन सुधारणा झाल्या. एक, प्राणवायू आरपार जाऊ देणारे कठीण द्रव्य उपलब्ध झाले. त्यामुळे मिटलेल्या डोळ्यात लेन्स ठेवणे शक्य झाले. दुसरी, १९८९ च्या सुमारास लेन्सच्या आतील बाजूचा आकार बदलला. सामान्य लेन्स मध्यापासून कडेकडे अधिकाधिक सपाट होत जाते. नव्या लेन्समध्ये सपाट मध्यभागाभोवती अधिक वक्र असे एक कडे आले, व त्याच्याही बाहेर लेन्सला मध्यावर धरून ठेवणारा पट्टा आला. संगणकाच्या साहाय्याने पारपटलाच्या उंचसखलपणाचा नकाशा काढता येऊ लागल्याने प्रत्येक डोळ्यासाठी लेन्स बेतणे सुकर झाले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अशा लेन्स रात्रभर वापरण्यास २००२ मध्ये प्रथम मान्यता दिली.

४. एका रात्रीत काय घडते

'लेन्स पारपटल दाबून सपाट करते' असे वर्णन सर्रास केले जाते. ते अपुरे आहे. योग्य रीतीने बेतलेली लेन्स पारपटलाच्या मध्याला टेकत नाही. दोहोंच्या मध्ये अश्रूंचा थर असतो. तो मध्यभागी केवळ काही मायक्रॉन जाडीचा, आणि भोवतालच्या वक्र कड्याखाली त्याच्या कित्येक पट जाड असतो. या विषमतेमुळे द्रवाचे जे बल उत्पन्न होते ते मध्यभागी आत ढकलते व कड्याखाली बाहेर खेचते. परिणामी बाह्य पेशीस्तर मध्यभागी पातळ होतो आणि त्याभोवती जाड होतो. मध्य सपाट झाला की पारपटलाची शक्ती घटते, प्रतिमा मागे सरकते आणि दृष्टिपटलावर येऊन पडते.

किती पेशीस्तर पातळ व्हावा लागतो, हे एका साध्या सूत्राने काढता येते. सपाट झालेल्या वर्तुळाच्या व्यासाचा मिलिमीटरमधील वर्ग घ्यावा, त्यास घालवावयाच्या डायॉप्टरने गुणावे व तिनाने भागावे. उत्तर मायक्रॉनमध्ये येते. ५ मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळात ३ डायॉप्टरची दुरुस्ती करावयाची असल्यास २५ गुणिले ३ भागिले ३, म्हणजे २५ मायक्रॉन. संपूर्ण स्तरच सुमारे ५० मायक्रॉनचा असल्याने ६ डायॉप्टरसाठी तो सगळाच नाहीसा व्हावा लागेल! व्यवहारात मोठ्या दुरुस्तीसाठी वर्तुळ लहान ठेवावे लागते, आणि वर्तुळ लहान झाले की रात्री बाहुली मोठी होताच दिव्यांभोवती वलये दिसू लागतात. म्हणून हा उपाय सामान्यतः ४ डायॉप्टरच्या आतील दोषांसाठी अधिक भरवशाचा समजतात. ६ ही मान्यताप्राप्त लेन्सची वरची मर्यादा होय. ही मर्यादा कारागिराच्या कौशल्याची नसून शरीररचनेची आहे.

पहिल्याच रात्रीनंतर लक्षणीय बदल दिसतो आणि आठ-दहा दिवसांत तो पूर्ण होतो. परंतु पेशीस्तर स्वभावतः भरून येणारा असल्याने लेन्स न घातल्यास बदल ओसरू लागतो. एक-दोन आठवड्यांत डोळा बहुतांशी मूळ स्थितीवर येतो. शस्त्रक्रियेच्या तुलनेने हा गुणही आहे, कारण उपाय सोडून देता येतो. पण 'नंबर गेला' या वाक्यातील भूतकाळ येथे लागू पडत नाही. नंबर जातो व येतो. रोज रात्री त्याला परत पाठवावे लागते.

याहूनही महत्त्वाची गोष्ट अशी की, या सर्व काळात नेत्रगोलाची लांबी होती तेवढीच असते. चष्मा न लावता फळा वाचणारे मूल तपासणीच्या तक्त्यावर निर्दोष ठरेल, परंतु त्याचा डोळा निकटदृष्टी डोळाच राहील. दृष्टिपटल ताणले गेल्यामुळे पुढील आयुष्यात संभवणारे विकार, उदाहरणार्थ दृष्टिपटल सुटणे किंवा त्याच्या मध्यबिंदूची झीज, यांचा धोका लांबीशी निगडित असतो. तक्त्यावरील अक्षरांशी नव्हे.

५. लांबी थोपविण्याचा प्रश्न

येथे दुसऱ्या कार्याचा विचार येतो. रात्रीची लेन्स वापरणाऱ्या मुलांत नेत्रगोल लांबण्याची गती मंदावते काय? या प्रश्नावर हाँगकाँगमध्ये झालेले काम पायाभूत मानले जाते. तेथील पॉलिन चो व सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्राथमिक निरीक्षणे प्रसिद्ध केली. त्यानंतर ६ ते १० वर्षे वयाच्या मुलांची यदृच्छेने विभागणी करून एका गटास रात्रीची लेन्स व दुसऱ्यास चष्मा दिला. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या परीक्षणात दोन वर्षांत चष्म्याच्या गटातील नेत्रगोल सरासरी ०.६३ मिलिमीटर, तर लेन्सच्या गटातील ०.३६ मिलिमीटर लांबले. वाढीची गती ४३ टक्क्यांनी कमी झाली.

टक्केवारी ऐकताना मूळ माप विसरू नये. फरक ०.२७ मिलिमीटरचा आहे. अडीचने गुणल्यास तो पाऊण डायॉप्टरहूनही किंचित कमी भरतो. दोन वर्षांच्या रोजच्या वापराचे हे फळ. ते क्षुद्र नव्हे : निकटदृष्टिता १ डायॉप्टरने कमी राहिल्यास दृष्टिपटलाच्या मध्याच्या झिजेचा संभव सुमारे ४० टक्क्यांनी घटतो, असे बुलिमोर व ब्रेनन यांनी २०१९ मध्ये दाखविले आहे. परंतु वाढ मंदावणे म्हणजे वाढ थांबणे नव्हे आणि झालेली वाढ उलटणे तर नव्हेच. लेन्सच्या गटातील डोळेही लांबलेच. शिवाय हाँगकाँगच्याच २०१७ मधील अभ्यासात, चौदा वर्षे वयापर्यंत लेन्स थांबविलेल्या मुलांत लांबण्याची गती पुन्हा वाढल्याचे व लेन्स पुन्हा सुरू केल्यावर ती मंदावल्याचे आढळले. तेव्हा ज्याने आरंभ करावयाचा त्याने अनेक वर्षांची तयारी ठेवूनच केला पाहिजे.

ही गती का मंदावते, याविषयी प्रचलित उपपत्ती अशी आहे. साध्या चष्म्याने दृष्टिपटलाच्या मध्यावर प्रतिमा स्पष्ट पडते. परंतु कडेच्या भागात ती दृष्टिपटलाच्या मागे पडते आणि वाढता डोळा जणू तिला गाठण्यासाठी लांबतो. रात्रीच्या लेन्समुळे पारपटलाच्या मध्याभोवती जे अधिक वक्र कडे तयार होते, त्याने कडेच्या प्रतिमा पुढे ओढल्या जातात आणि लांबण्याची ती प्रेरणा क्षीण होते. प्राण्यांवरील प्रयोगांचा या उपपत्तीस आधार आहे. तथापि मनुष्याच्या बाबतीत ती निर्विवाद सिद्ध झाली, असे म्हणता येत नाही.

६. 'फूल'

उपायाची दुसरी बाजू सांगणारा शब्द मराठीत फार जुना आहे. पारपटलावर जखम वा जंतुसंसर्ग होऊन जो पांढरा डाग कायमचा राहतो, त्यास 'फूल पडणे' म्हणतात. इतक्या सुंदर शब्दाने इतकी कठोर वस्तू सांगितली जावी, हे भाषेचे एक वैशिष्ट्यच. शेतीच्या कामात कणसाचे टोक वा काडी डोळ्यात जाऊन पडलेले फूल खेड्यापाड्यांत परिचयाचे आहे. लेन्सच्या संसर्गातून होणारा डाग त्याच जातीचा असतो.

मिटलेल्या डोळ्यात प्राणवायू कमी पोचतो, अश्रू वाहत नाहीत आणि लेन्सखालचा पेशीस्तर पातळ झालेला असतो. जंतूंना ही अनुकूल स्थिती होय. २००१ च्या सुमारास चीन व पूर्व आशियातील अन्य प्रदेशांतून अशा संसर्गाची अनेक प्रकरणे पुढे आली. २००७ मधील एका आढाव्यात जगभरच्या १२३ प्रकरणांची नोंद आहे. त्यांत 'स्यूडोमोनास' हा जंतू प्रमुख होता, आणि त्याखालोखाल 'अकँथअमीबा' हा पाण्यात व मातीत राहणारा सूक्ष्मजीव. अकँथअमीबाचा संसर्ग बरा होण्यास कित्येक महिने लागतात व दृष्टी वाचेलच असा भरवसा नसतो. त्याचा लेन्सशी संबंध येतो तो बहुधा पाण्यामुळे : लेन्स किंवा तिची डबी पाण्याने धुणे, ओल्या हातांनी लेन्स हाताळणे.

धोक्याचे प्रमाण किती? २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील पाहणीत मुलांमध्ये दरवर्षी दर १०,००० वापरणाऱ्यांमागे १३.९ असा अंदाज आला. म्हणजे वर्षाला सातशेत एक. एका मुलाने सात वर्षे लेन्स वापरल्यास सुमारे शंभरात एक. मात्र हा अंदाज केवळ २ रुग्णांवर आधारलेला असल्याने खरा आकडा याहून पुष्कळ कमी किंवा तिपटीहून अधिकही असू शकेल. शिवाय तो नियमित तपासणी मिळणाऱ्या रुग्णांचा आहे.

७. चिमूरच्या परिस्थितीत

या पार्श्वभूमीवर चिमूर परिसराचा विचार केल्यास तीन गोष्टी ध्यानात येतात.

पहिली अंतराची. लेन्स बेतताना पारपटलाचा नकाशा काढणारे यंत्र व प्रशिक्षित तज्ज्ञ लागतात; पहिल्या रात्रीनंतरची सकाळ, पहिला आठवडा, पहिला महिना व त्यापुढे ठरावीक महिन्यांनी तपासणी लागते. डोळा लाल झाला, दुखू लागला किंवा उजेड सोसवेनासा झाला, तर त्याच दिवशी नेत्रवैद्य गाठावा लागतो. एका रात्रीच्या विलंबानेही फरक पडतो. शंभर किलोमीटर अंतर हे खर्चाचे गणित तर आहेच, पण त्याआधी ते संसर्गाच्या वेळेचे गणित आहे.

दुसरी गोष्ट पाण्याची. विहीर, हातपंप व नळ यांपैकी कोणतेही पाणी लेन्सला चालत नाही; गाळून वा उकळून घेतलेलेही नाही. 'स्वच्छ पाण्याने धुवावे' ही आरोग्यशिक्षणाने पिढ्यान्‌पिढ्या दिलेली शिकवण येथे अर्धीच लागू पडते. हात साबण व पाण्याने धुवून पूर्ण कोरडे करावयाचे. लेन्सला मात्र केवळ तिच्यासाठी बनविलेले द्रावण. एरवी उपकारक असणारी सवयच जेथे अपाय करते, तेथे सूचना अधिक काटेकोर शब्दांत दिली पाहिजे.

तिसरी गोष्ट बोलींची. या टापूच्या पश्चिमेस वऱ्हाडी-नागपुरीचे वळण आहे, जेथे 'डोळा' हा 'डोया' होतो. पूर्वेस ब्रह्मपुरी-नागभीडच्या अंगाने झाडीबोली आहे, जेथे तो 'डोरा' होतो. पलीकडे गडचिरोलीच्या जंगलात गोंडी व माडिया या द्राविड कुळातील भाषा बोलल्या जातात. उच्चारातील हे भेद समजुतीच्या आड येत नाहीत. आड येतो तो 'पारपटल', 'निकटदृष्टिता' असा, कोणत्याच बोलीत न रुळलेला पाठ्यपुस्तकी शब्द. त्याऐवजी 'डोळ्यावरची काच' व 'डोळ्याची लांबी' ही साधी वर्णने सर्व बोलींत सहज उतरतात.

यावरून रात्रीची लेन्स या प्रदेशासाठी त्याज्यच, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. शहराशी नियमित संबंध असलेल्या व शिस्तीने वागणाऱ्या कुटुंबास ती उपयोगी पडेल. परंतु बहुसंख्य मुलांचा प्रश्न याच्या पुष्कळ अलीकडचा आहे : दोष वेळेवर ओळखला जाणे आणि योग्य चष्मा मिळणे. २०१३ मध्ये पालघर येथून आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळकरी मुलांची वर्षातून एकदा तपासणी करण्याची योजना आहे व दृष्टिदोषाचा तीत समावेश आहे. खेड्यांत हा दोष नाहीच, असे समजण्याचे कारण नाही. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन पाहण्यांत दिल्ली शहरातील ५ ते १५ वर्षांच्या मुलांत ७.४ टक्के, आणि त्या वेळच्या आंध्र प्रदेशातील महबूबनगर जिल्ह्याच्या ग्रामीण भागात ७ ते १५ वर्षांच्या मुलांत ४.१ टक्के निकटदृष्टिता आढळली होती. दिल्लीच्या शाळांत २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत तर प्रमाण १३.१ टक्के निघाले.

लांबी थोपविण्याचे अन्य मार्गही आहेत. अत्यल्प प्रमाणातील अॅट्रोपिनचे थेंब नेत्रवैद्याच्या देखरेखीखाली दिले जातात; सिंगापूर, हाँगकाँग व भारत येथे त्यांची परीक्षणे झाली आहेत. कडेच्या प्रतिमा पुढे ओढणारे विशेष घडणीचे चष्म्याचे भिंगही निघाले आहे; त्यात डोळ्याला स्पर्शच होत नसल्याने त्या संसर्गाचा प्रश्न उद्भवत नाही. आणि दोष उत्पन्न होण्यापूर्वीचा उपाय तर विनामूल्य आहे. चीनमधील ग्वांगझौ येथे काही शाळांत रोज ४० मिनिटांचा उघड्यावरचा तास वाढविण्यात आला. तीन वर्षांत त्या शाळांतील ३०.४ टक्के मुलांना, तर इतर शाळांतील ३९.५ टक्के मुलांना निकटदृष्टिता आली, असे २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. चिमूरच्या मुलाला उघडे आकाश अद्याप सुलभ आहे. शिकवणीचे वर्ग व हातातील पडदे यांच्यापायी ते हातचे जाऊ न देणे, हे पालक व शाळा यांच्या स्वाधीन आहे.

८. समारोप

वैद्यकीय परिभाषेची चर्चा मराठीत बहुधा 'शब्द संस्कृत असावा की इंग्रजी' या वादात अडकते. प्रस्तुत उदाहरणावरून दिसते की, खरा प्रश्न शब्दाच्या कुळाचा नसून त्याच्या कक्षेचा आहे. 'नंबर' हा शब्द इंग्रजी असूनही पूर्णपणे मराठी झाला आहे व तो काढून टाकण्याचे प्रयोजन नाही; परंतु दोन मापांचा भार त्याच्यावर टाकणे धोक्याचे आहे. भिंगाच्या मापाला 'नंबर' आणि नेत्रगोलाच्या मापाला 'लांबी' असे दोन शब्द नियमाने योजले, आणि त्यांच्या जोडीस तीन क्रियापदे काटेकोरपणे वापरली, तर पुष्कळ गैरसमज टळतील. रात्रीच्या लेन्सने नंबर 'झाकला जातो'. लांबीची वाढ 'मंदावते'. दोष 'बरा होत नाही'.

पालकास सांगावयाचे ते एवढ्यात मावते : लेन्स रोज रात्री घातली तर दिवसा चष्म्यावाचून दिसेल, घालणे थांबविले की नंबर परत येईल, डोळ्याची लांबी वाढेल, पण बहुधा कमी गतीने, लेन्सला पाणी लागता कामा नये, आणि डोळा लाल होऊन दुखू लागला तर लेन्स काढून त्याच दिवशी नेत्रवैद्याकडे जावे, नाहीतर फूल पडण्याचे भय आहे. या पाच वाक्यांत एकही पारिभाषिक शब्द नाही, आणि शास्त्राशी प्रतारणाही नाही. ती 'डोया' म्हणणाऱ्यास व 'डोरा' म्हणणाऱ्यास सारखीच कळतील. ती ऐकल्यावर पालकाने होकार दिला किंवा नकार दिला, तरी तो निर्णय त्याने समजून घेतलेला असेल.